सांगकाम्या परीक्षक

ज्ञानकोश रचणे हे कठीण काम खरे. परंतु रचलेल्या नोंदीची पारख करणे त्याहूनही कठीण. नोंद पुरेशी आहे की अपुरी, खरी की ऐकीव, वाचकाच्या हाती द्यावी की लेखकाकडे परत धाडावी, हे ठरवायचे कोणी? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली. पूर्वी ते काम संपादक करीत, मग संपादक मंडळे करू लागली, आणि आता त्याचा काही भाग यंत्राकडे गेला आहे. या बदलाचा मागोवा घेण्यास आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींना एक विशेष कारण आहे. ते पुढे येईलच.

मराठीतील आधुनिक ज्ञानकोशाचे जनक डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा आपल्या शहराशी ऋणानुबंध होता. १९३१ साली हैदराबादेस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यापूर्वीच, १९२० ते १९२९ या दशकात, त्यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्ध झाले होते. सरकारी आश्रय नाही, संस्थानिकाची देणगी नाही; मर्यादित कंपनी काढून, तिचे भाग विकून त्यांनी हे काम उभारले. नोंदींची पारख अखेर त्यांच्या आणि मोजक्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांखालून होई. त्या सहकाऱ्यांपैकी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला, यावरून ते डोळे किती तयारीचे होते हे कळते. केतकरांची मते अनेकांना पटत नसत. पण वाद घालायचा तर कोणाशी, हे वाचकाला ठाऊक असे.

दुसरे नाव कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव यांचे. तेलुगूतील पहिल्या आधुनिक ज्ञानकोशाचे हे कर्ते. बहीण भंडारू अच्चमांबा यांच्याकडे राहून त्यांचे शिक्षण नागपुरास झाले. मराठी त्यांना उत्तम येत असे आणि मराठीत त्यांनी लेखनही केले. १९०१ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयमच्या उभारणीत आणि १९०६ च्या विज्ञान चंद्रिका मंडळीत त्यांचा पुढाकार होता. 'आंध्र विज्ञान सर्वस्वमु' हा त्यांचा ज्ञानकोश १९२३ मध्ये त्यांच्या निधनाने अपुराच राहिला. एका माणसाच्या आयुष्यावर टांगलेली पारख त्या माणसाबरोबर थांबते, हा यातला धडा होय.

तो धडा मराठी विश्वकोशाने घेतला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे हे काम सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. तर्कतीर्थ १९९४ मध्ये निवर्तले, तरी काम थांबले नाही, कारण पारखीची जबाबदारी एका व्यक्तीवर नसून पद्धतीवर होती. नोंद तज्ज्ञाने लिहायची, संपादकांनी तपासायची, भाषा एकसारखी करायची, आणि शेवटी लेखकाचे नाव द्यायचे. मात्र या चोखपणाची किंमत काळाच्या रूपाने मोजावी लागली. पहिल्या खंडातील काही माहिती शेवटचा खंड निघेपर्यंत शिळी झाली.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग म्हणजे विकिपीडिया. इंग्रजीत तो जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, अवतरली आणि तेलुगू आवृत्ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. येथे कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे. नोंदीखाली लेखकाची सही नाही. मात्र प्रत्येक फेरफाराचा इतिहास जतन केलेला असतो. हस्तलिखित आधी तपासून मग छापण्याऐवजी आधी छापून मग तपासायचे, असा हा उलटा क्रम आहे. लेखांची संख्या लाखांत गेल्यावर ही तपासणी माणसांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि तेथे स्वयंचलित प्रणालींचा प्रवेश झाला.

अशा प्रणालीला इंग्रजीत 'बॉट' म्हणतात. मराठी विकिपीडियाकारांनी तिला जो शब्द योजला त्याला दाद दिली पाहिजे: 'सांगकाम्या'. जेवढे सांगितले तेवढेच करणारा, स्वतःची अक्कल न चालवणारा गडी प्रत्येक जुन्या वाड्याने पाहिलेला आहे. हे सांगकामे आरंभी हमालीचीच कामे करीत. २००२ मध्ये अशाच एकाने अमेरिकेच्या जनगणनेच्या आकड्यांवरून तेथील गावांचे सुमारे तीस हजार लेख इंग्रजीत रचले. पुढे लेखांची नासधूस ओळखून ती परतवणारे आले. मग पाळी आली ती गुणांकनाची.

इंग्रजी विकिपीडियावर स्वयंसेवकांनी लेखांच्या प्रती ठरवल्या होत्या: तळाशी केवळ अंकुरावस्थेतील लेख, मध्ये काही पायऱ्या, शिखरावर निवडक लेख. तेलुगू विकिपीडियात त्या अंकुराला 'मोलक', म्हणजे कोंब, असेच म्हणतात. माणसांनी प्रत ठरवावी आणि सांगकाम्याने तक्ते भरावेत, अशी सुरुवातीची वाटणी होती. २०१५ मध्ये विकिमीडिया संस्थेने पुढचे पाऊल टाकले. माणसांनी पूर्वी प्रत दिलेले हजारो लेख यंत्रापुढे ठेवून, त्यांवरून नव्या लेखाची प्रत यंत्राने स्वतःच वर्तवावी, अशी योजना झाली. यंत्र पाहते ते लेखाची लांबी, संदर्भांची संख्या, उपशीर्षके, दुवे, चित्रे, वर्ग. पुढे भाषा न समजताही याच खुणांवरून कोणत्याही भाषेतील लेखाचा अंदाज बांधणारी साधने निघाली.

शासकीय सेवेत आयुष्य घालवल्यामुळे आम्हांला ही रीत अनोळखी नाही. मिसल वर जाण्यापूर्वी कारकून तपासणी-सूचीप्रमाणे खुणा करतो: अर्ज आहे, मुद्रांक आहे, सही आहे, सोबतची कागदपत्रे आहेत. हे काम हलके मानू नये. त्यावाचून कचेरी एक दिवस चालणार नाही. पण अर्जातील मजकूर खरा आहे की नाही, हे त्या खुणांवरून कळत नाही. त्यासाठी कोणीतरी जागेवर जाऊन पाहणी करावी लागते.

घराजवळचेच उदाहरण घेऊ. आमच्या मलकपेठेच्या परिसरात, आस्मानगढच्या टेकडीवर, दुसऱ्या निजामाचा फ्रेंच सेनानी रेमंड याची समाधी आहे. तो १७९८ मध्ये वारला. 'मुस्यू रेमंड' या नावाचे लोकांच्या तोंडी कोणी 'मूसा रहीम' केले, कोणी 'मूसा राम'. आणि त्यावरूनच मूसारामबाग हे नाव रूढ झाले, असे सांगतात. आता समजा, कोणी या नावाची भलतीच व्युत्पत्ती देणारा चार पानांचा लेख लिहिला, त्यास वीस संदर्भ आणि सहा चित्रे जोडली. आणि दुसऱ्याने खरी हकीकत आठ ओळींत सांगितली. सांगकाम्या पहिल्यास वरची प्रत देईल, दुसऱ्यास कोंब म्हणेल. त्याचा दोष नाही; त्याला तेवढेच सांगितलेले आहे.

अनुभवही हेच सांगतो. मे २००५ मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन सीगेंथेलर यांच्या चरित्रात कोणी धादांत खोटा मजकूर घातला. तो महिनोन्महिने तसाच राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने तज्ज्ञांकडून ४२ विषयांच्या नोंदी तपासून घेतल्या. विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३ चुका वा त्रुटी निघाल्या. ब्रिटानिकाने हा निष्कर्ष अमान्य केला, तो वाद वेगळा. पण त्या चुका विषय जाणणाऱ्या वाचकांनी काढल्या होत्या, लांबी मोजून नव्हे.

सर्वांत बोलके उदाहरण स्कॉट्स भाषेचे आहे. ही भाषा नीट न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने वर्षानुवर्षे त्या विकिपीडियात हजारो लेख लिहिले. इंग्रजी वाक्यांना स्कॉट्सचा वेश चढवून. लेख होते, दुवे होते, आकडे वाढत होते. फक्त भाषा खोटी होती. हे २०२० मध्ये उघड झाले, तोवर जाणत्या वाचकाने तिकडे पुरेसे लक्षच दिले नव्हते.

मराठी विकिपीडियावर आज नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. मराठी बोलणारे मात्र आठ कोटींच्या पुढे आहेत. लिहिणारे थोडे, तपासणारे त्याहून थोडे. यंत्र परीक्षा घ्यायला शिकते ते माणसांनी आधी केलेल्या परीक्षेवरून. जेथे परीक्षकच नाहीत तेथे ते शिकणार कोणाकडून? आणि जो लेख लिहिलाच गेला नाही, त्याच्या अभावाची जाणीव सांगकाम्याला सहसा होत नाही. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पिढीने या शहरात काय उभारले, १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा कशी सुरू झाली, आपल्या घरांतील मराठीत दखनी आणि तेलुगू शब्द कोणते रुजले, हे पुणे-मुंबईच्या लेखकास सहज सुचणारे विषय नव्हेत. शिवाय प्रश्नांची उत्तरे देणारी नवी यंत्रे याच लेखांवर पोसली जात आहेत. येथील चूक पुढे शंभर ठिकाणी उमटेल.

यास्तव आमची सूचना साधी आहे. आपल्या प्रत्येक जुन्या कुटुंबात जुनी पत्रे, संस्थांचे अहवाल, निमंत्रणपत्रिका असतील. नातवंडांना संगणक येतो, आजोबा-आजींना हकीकत ठाऊक असते. दोघांनी मिळून आपल्या शहराविषयीचा एकेक मराठी लेख वाचावा, चूक दिसल्यास छापील आधार देऊन दुरुस्त करावी, आणि आधार छापलेलाच नसेल तर आधी तो अशाच एखाद्या त्रैमासिकात छापून आणावा. सांगकाम्या मोजदाद करीलच. हकीकत सांगणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तिची साक्ष आजच नोंदवली पाहिजे.