टेप कुणाच्या हातात

म्हसवडजवळचं राजेवाडीचं तळं दुष्काळानं बांधलं, असं आमच्या माणदेशात सांगतात आणि ते खरंच आहे. 1876 साली पावसानं दगा दिला. पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्यापासून खाली विजापूर-धारवाडपर्यंत खरीप गेलं, मागोमाग रब्बीही गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली, त्यातलंच हे तळं. नीरेचा डावा कालवा त्याच वेळचा. दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली, तिचा भरावही अशाच भुकेल्या हातांनी टाकलेला. आज त्या कालव्यावर ऊस उभा आहे आणि त्या रुळांवरून गाड्या धावतात. बांधणाऱ्यांच्या पोटात त्या दिवसांत काय पडलं, हे मात्र कुठल्याच दगडावर कोरलेलं नाही.

मी 1972 च्या दुष्काळात हजेरी कारकून होतो, त्यामुळे जुन्या दुष्काळाचं काहीही वाचायला घेतलं की नजर आधी मजुरीच्या आकड्यावर जाते. 1877 च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या पाहणीला पाठवलं. याच टेंपलसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं वाचवली होती आणि उधळपट्टी केली म्हणून बोल खाल्ले होते. या खेपेला त्यांनी हात आखडला. गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर कुदळ मारायची. शिवाय काम घरापासून लांब, मोठ्या जागी. ज्याला खरीच गरज असेल तो येईल, असा हिशेब.

मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संपच होता. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. गावोगावच्या हकिगती गोळा करून ती सरकारकडे पाठवत राहिली. त्याच काळात देशातला गहू बोटींत भरून विलायतेला जात होता. धान्य अजिबात नव्हतं असं नाही, ते विकत घ्यायला माणसाच्या हातात पैसा नव्हता. त्या दोन-तीन वर्षांत दक्षिण हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली, असा अंदाज आहे.

त्यानंतर दुष्काळ आयोग बसला आणि दुष्काळ संहिता तयार झाली. काम कधी काढायचं, मजुरी किती द्यायची, कुणाला बसून खायला घालायचं, सगळं कागदावर आलं. 1896 ला पुन्हा पाऊस हुकला तेव्हा टिळकांनी ‘केसरी’तून ही संहिता रयतेला समजावून सांगितली, माणसं गावोगाव धाडली. सरकारनंच लिहिलंय, मग मागा, असा त्यांचा रोख. राज्यकर्त्यांना तो राजद्रोहाच्या वाटेवरचा वाटला. पण संहिता म्हणजे अधिकाऱ्याला दिलेली सूचना होती. त्यानं ती पाळली नाही, तर रयतेला दाद मागायला जागा नव्हती.

1972 चं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. त्याआधीचं सालही वाईटच गेलं होतं. विहिरींचे तळ दिसायला लागले, जनावरं मिळेल त्या भावानं बाजारात गेली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणं अशी कामं निघाली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं कामावर होती. मजुरी दोन-तीन रुपयांच्या घरात. रेशनला अमेरिकेचा मिलो, म्हणजे लालसर ज्वारी; भाकरी थापायला गेलं की तुटायची. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा खाऊ, मिळायची. ती लहान पोरांसाठी पदरात बांधून नेणाऱ्या बायाच जास्त.

हजेरी मांडताना गावाची सगळी उतरंड समोर यायची. बायका निम्म्याच्या आसपास. एक बाई तोंडावर पदर ओढून उभी राहिली. नाव सांगितलं, पण नवऱ्याचं नाव विचारल्यावर गप्प. मागची म्हणाली, “भाऊसाहेब, त्या कशा नाव घेतील? लिवा, आमच्या पाटलीणबाई हायत्या.” आदल्या साली जिच्या रानात ही मागची खुरपायला जायची, तीच आता तिच्या शेजारी पाटी उचलत होती. पाण्याचे माठ मात्र कामावरही वेगळेच राहिले.

आता मापाचं सांगतो. मातीकामाची मजुरी हजेरीवर नसते, खोदाईवर असते. टोळी चौकोनी खड्डा घ्यायची आणि मधे मूळ जमिनीचा एक उंचवटा तसाच सोडायची, खोली मोजायला. आठवड्याला टेप लागायची. लांबी, रुंदी, खोली, की झाले ब्रास. पण दर जमिनीप्रमाणे बदलतो. मऊ मातीला एक, मुरमाला दुसरा, कठीण मुरमाला त्याहून जास्त. आमच्याकडे वरची वीतभर माती गेली की पहार ठणकायला लागते. तो मुरूम ‘कठीण’ लिहायचा की नुसता ‘मुरूम’, हे वहीवाल्याच्या मनावर. एका शब्दानं चार माणसांच्या घरातल्या दोन भाकरी कमी होत. टेंपलसाहेबांचा पौंड आणि माझ्या वहीतला तो शब्द एकाच जातीचे. खडीचंही तसंच. ढीग सैल रचला की जास्त भरतो, हे मजुराला ठाऊक, मापणाऱ्यालाही ठाऊक. त्या ओढाताणीत हरायचा नेहमी मजूरच.

तरीही 1972 ला 1876 सारखी प्रेतं पडली नाहीत. उपासमार झाली, माणसं खंगली, पण गावंच्या गावं ओस पडली नाहीत. धान्य कमी होतं, पण पैसा हातात पडत होता, काम त्यामानानं जवळ होतं आणि ते मिळालं नाही तर मोर्चा निघत होता, विधानसभेत प्रश्न येत होता.

या साऱ्याला कायद्याचं रूप देण्याचं श्रेय वि. स. पागे यांचं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 1965 साली त्यांनी कामाच्या हमीचा प्रयोग केला होता. त्याची पुढे राज्याची योजना झाली, 1977 ला कायदा मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या कामाचा खर्च भागवायचा, ही त्यातली खरी हुशारी. मागणी केल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे नावापुरताच. पण ‘द्या’ म्हणणाऱ्याला पहिल्यांदा कायद्याचा आधार मिळाला. 2005 ला देशभरासाठी कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव पुढे होता.

या योजनेची बदनामीही कमी झाली नाही. खोटी नावं, पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते, वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून राहिलेले खडीचे ढीग, हे सगळं झालं. कारण कायदा कितीही चांगला असला तरी शेवटी टेप धरणारा आमच्यातलाच कुणीतरी असतो.

आताचा दुष्काळ धान्याचा कमी, पाण्याचा आणि चाऱ्याचा जास्त. 2012-13 ला माणात जनावरांच्या छावण्या पडल्या. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. छावणीतही मोजणी आलीच: जनावरामागे किती किलो चारा, किती पेंड, दावणीला खरी किती आणि कागदावर किती. टँकरच्याही खेपा मोजाव्या लागतात. पुढचा दुष्काळ येईल तेव्हा पॅकेज किती कोटींचं, एवढंच विचारून भागणार नाही. गावातल्या वहीत काय लिहिलंय ते वाचायला मागा, आणि ते चूक निघालं तर तक्रार कुणाकडे करायची तेही आधीच विचारून ठेवा.