वलंदेजांचे चांदीचे नाणे आणि दाभोळची लारी

अंजनवेलच्या गोपाळगडावरून उत्तरेकडे पाहिले की वाशिष्ठीच्या मुखापलीकडे दाभोळ दिसते. आदिलशाहीतील या नामांकित बंदराच्या परिसरातील माणसाने जुनी नाणी जमवायची ठरविली, तर शिवराई व कंपनीचे रुपये सारेच जमवितात. आम्ही सुचवू ते वलंदेजांचे, म्हणजे डचांचे, जावा बेटातील चांदीचे नाणे.

वलंदेज कोकणाला परके नव्हते. १६३७ साली त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. सुरतेस तर ते चांदी आणून मोगल टांकसाळीत रुपये पाडून घेत. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्त्यात, स्वतःचे रुपये पाडले. त्यांवर अरबी अक्षरांत एका बाजूस ‘दिरहम मिन कंपनी वलंदवी’ आणि दुसऱ्या बाजूस ‘इला जझीरत जावा अल-कबीर’ असा मजकूर आहे. ख्रिस्ती व्यापाऱ्यांनी अरबी लिपी का घेतली? रयतेने नाणे हातात घेतल्याबरोबर विश्वासाने स्वीकारावे, हे उघड आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांतला ‘वलंदेज’ आणि त्या नाण्यावरचा ‘वलंदवी’ हे सख्खे भाऊच म्हणायचे!

हा रुपया दुर्मिळ व महाग आहे. नवशिक्याने त्याऐवजी १८५४ ते १९४५ या काळातील पाव गुल्डन व दशांश गुल्डन शोधावे. पहिले ३.१८ ग्रॅमचे, दुसरे १.२५ ग्रॅमचे, हजारांत ७२० भाग चांदी. एका बाजूस डच मजकूर, दुसऱ्या बाजूस जावानी व अरबी लिपीत किंमत. पाव गुल्डनवर मलय भाषेत ‘सपरंपत रुपिया’ म्हणजे पाव रुपया असे वाचता येते. आमच्या उर्दू वाचकांनी एक लक्षात ठेवावे : मलय ‘प’ हा ‘फे’वर तीन नुक्ते देऊन लिहितात, आपल्यासारखा ‘बे’च्या आकृतीखाली नव्हे. १९४० च्या मे महिन्यात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर ही नाणी अमेरिकेतील टांकसाळीत पाडण्यात आली.

आता दाभोळकडे वळू. दुसऱ्या अली आदिलशहाच्या (१६५६–१६७२) नावाची लारी ही दुमडलेली चांदीची तार. तिच्यावर दोन्ही बाजूंनी ठसा मारलेला, पण तार अरुंद असल्याने मजकुराचा तुकडाच उमटतो. वजन पाच ग्रॅमच्या आतबाहेर. मूळ नाव इराणातील लार शहरावरून. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर ती चाले. सिंहलद्वीपात तिला गळासारखा बाक देत. १६५६ साली डचांनी कोलंबो घेतले तेव्हाही तेथे लाऱ्या व्यवहारात होत्या. म्हणून डच सिलोनचा संग्रह करणाऱ्याच्या पेटीत लारी असावीच, आणि ती कोकणची असेल तर दुप्पट मोलाची.

दुर्दैव असे, की वाकडी तार पाहून कोणालाही ते नाणे वाटत नाही. सोनार वजनावर घेतो आणि मुशीत टाकतो. ठसा गेला की राजा, साल, टांकसाळ सारे गेले. घरात अशी तार निघाली तर चिंच-राखेने घासू नये. मऊ कागदात गुंडाळून ठेवावी आणि दोन्ही बाजूंचा फोटो जाणकाराला दाखवावा. शेतात किंवा पायाच्या खोदकामात पुरलेली नाणी मिळाली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे परदेशी पाठविण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आडकाठी आहे, हे आखातात किंवा आफ्रिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी पेटी भरताना ध्यानात घ्यावे.