अंबाजोगाई : स्थलकथा आणि शिलालेख

बालाघाटाच्या डोंगररांगेची उत्तर कड बीड जिल्ह्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेली आहे. कडेच्या खाली गोदावरीचे काळ्या मातीचे सपाट खोरे पसरलेले असून वर मांजरेकडे उतरत जाणारे पठार आहे. जिल्ह्यातील जुनी व महत्त्वाची काही गावे या कडेला धरून वसलेली आहेत, ही गोष्ट नकाशा पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. खोऱ्यातून पठारावर चढणाऱ्या वाटा ज्याच्या हाती, त्याच्या हाती दोन्ही मुलूख, असा हा प्रदेश होता. धारूरचा किल्ला याचे ठळक उदाहरण होय. दऱ्यांनी वेढलेल्या डोंगराच्या सोंडेवर विजापूरचा सरदार किश्वरखान याने इ. स. १५६७ च्या सुमारास तो बांधला. पुढे थोड्याच काळात तो निजामशाहीकडे गेला आणि इ. स. १६३१ मध्ये मोगलांनी जिंकला. मोगलांनी गावास फतेहाबाद हे नाव देऊन तेथे टांकसाळही चालविली. आज किल्ल्याच्या तटावरून दिसणारा देखावा प्रवाशास मोह घालतो. परंतु हा तट देखाव्यासाठी नव्हे, घाटवाटेवरील नजरेसाठी उभारला गेला होता, हे विसरता येत नाही.

धारूरच्या पूर्वेस, याच कडेलगत अंबाजोगाई आहे. धारूरचा इतिहास मुख्यतः लष्करी. अंबाजोगाईचा इतिहास मात्र धर्म, वाङ्मय आणि शिल्प या तिन्हींशी निगडित असल्यामुळे अधिक गुंतागुंतीचा आहे. जयंती नदीच्या काठचे योगेश्वरीचे मंदिर, हत्तीखाना या नावाने प्रसिद्ध असलेली कोरीव लेणी, खोलेश्वर व सकलेश्वर ही यादवकालीन मंदिरे, दासोपंतांची देवघरे, आणि गावाबाहेर डोंगराच्या कुशीत, दरीच्या कडेला असलेली मुकुंदराजांची समाधी, इतका ऐवज एका लहानशा परिसरात मराठवाड्यात अन्यत्र क्वचितच आढळेल. येथे येणारा यात्रेकरू योगेश्वरीचे दर्शन घेऊन बहुधा मुकुंदराजांच्या समाधीकडे वळतो. पावसाळ्यात काळ्या कातळावरून कोसळणारे पाणी आणि खाली उतरत गेलेली हिरवी दरी पाहून तो तृप्त मनाने परततो. मराठीचा आद्य कवी येथेच बसून लिहिता झाला, ही त्याची श्रद्धा त्या देखाव्याने अधिकच दृढ होते. प्रश्न उद्भवतो तो येथेच. स्थळ रमणीय आहे म्हणून त्याच्याशी जोडलेली कथा खरी ठरत नाही, आणि कथा अनिश्चित ठरली म्हणून स्थळाचे महत्त्व उणे होत नाही.

या परिसरातील सर्वांत लोकप्रिय कथा योगेश्वरीच्या लग्नाची. योगेश्वरी ही कोकणातील कन्या. तिचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला. वऱ्हाड घाट चढून अंबाजोगाईपर्यंत आले, परंतु मुहूर्त टळला. देवी येथेच कुमारिका राहिली आणि वऱ्हाड पाषाणरूप झाले. हत्तीखान्याची लेणी म्हणजे त्या वऱ्हाडाचे जानवसे, असे लोक सांगतात. कोकणस्थ ब्राह्मणांच्या अनेक कुळांची कुलदेवता समुद्रापासून इतक्या दूर पठारावर का असावी, शेजारी ज्योतिर्लिंग असता देवी कुमारिका का, आणि नदीकाठच्या खडकात हे ओस मंडप व हत्ती कोणी व कशासाठी कोरले, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर लोकबुद्धीने मोठ्या कुशलतेने शोधले आहे. इतिहासाच्या अभ्यासकास ते उत्तर स्वीकारता आले नाही, तरी प्रश्न नेमके विचारले गेले आहेत, हे मान्य करावे लागेल. विशेषतः पहिला प्रश्न आजही समाधानकारक रीतीने सुटलेला नाही.

लेण्यांपुरते बोलावयाचे तर ती शैव आहेत. मोकळ्या अंगणात नंदीमंडप, भोवती कातळातच कोरलेले हत्ती, आणि आत स्तंभयुक्त मंडप अशी त्यांची रचना आहे. वेरूळची भव्यता येथे नाही. परंतु खडकात मंदिर कोरण्याची परंपरा दख्खनमध्ये क्षीण होत असतानाचे हे काम असल्यामुळे त्याचे मोल वेगळे आहे. महामंडलेश्वर उदयादित्याचा उल्लेख येथील लेखात येतो, म्हणजे यादवांच्या उत्कर्षापूर्वीच हे गाव मांडलिक सत्तेच्या दृष्टीने महत्त्वाचे झाले होते.

मुकुंदराजांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘विवेकसिंधु’ या ग्रंथाची रचना शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, मध्ये झाली असे परंपरेने मानले जाते आणि त्यावरून मुकुंदराजांस आद्य मराठी कवीचे स्थान दिले जाते. हा शक सांगणारा भाग सर्व अभ्यासकांस सारखाच विश्वसनीय वाटलेला नाही, आणि ग्रंथाची उपलब्ध भाषा तेवढी जुनी वाटत नाही हा आक्षेपही जुनाच आहे. परंतु कालनिर्णय बाजूस ठेवला तरी स्थलनिर्णयाची अडचण उरतेच. ग्रंथातील उल्लेखानुसार कवीची अंबानगरी वैन्यागंगेच्या तीरी आहे. वैन्यागंगा म्हणजे विदर्भातील वैनगंगा, हा अर्थ सरळ आहे. वैनगंगा, कन्हान व इतर नद्यांच्या संगमावर, आजच्या नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात अंभोरा हे तीर्थ आहे. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांची समाधी तेथे दाखविली जाते. गावाचे नाव, नदीचे नाव आणि गुरूची समाधी ही तिन्ही एकत्र आल्यामुळे अंभोऱ्याचा पक्ष बळकट होतो.

अंबाजोगाईच्या बाजूने सांगण्यासारखे थोडे नाही. समाधीची परंपरा जुनी व अखंड आहे. गावाच्या नावात अंबा आहे. आणि यादवांच्या राज्यात या नगरीची प्रतिष्ठा निर्विवाद होती. वाण नदी या परिसरातून गोदावरीकडे जाते. वाण व वैन्या या नावांतील ध्वनिसादृश्य पाहून एखाद्यास मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ ध्वनिसादृश्यावर उभारलेले अनुमान दुसऱ्या पुराव्याच्या आधाराविना टिकत नाही. ग्रंथात ज्याचा गौरव आहे तो जैत्रपाळ राजा कोण, हाही प्रश्न येथे महत्त्वाचा. त्यास देवगिरीचा यादव राजा जैतुगी मानल्यास अंबाजोगाईशी संबंध जोडणे सोपे होते. परंतु जैतुगी हा पाचव्या भिल्लमाचा पुत्र, आणि ग्रंथातील जैत्रपाळाची वंशावळ नृसिंह व बल्लाळ अशी. ही वंशावळ यादवांशी जुळत नाही. दुसरी परंपरा त्यास बैतूलजवळच्या खेर्ल्याचा राजा म्हणते, आणि तीही वैनगंगेच्या दिशेनेच बोट दाखविते. समाधी एके ठिकाणी आणि ग्रंथरचना दुसरीकडे, असे होऊ शकते. मात्र उपलब्ध पुराव्यावरून ‘विवेकसिंधु’ या दरीत रचला गेला असे निश्चयाने म्हणणे धाडसाचे ठरेल.

रमणीय स्थळाभोवती कथा कशी दृढ होते, याचा एक दाखला परदेशातील आहे. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात, द्राक्षमळ्यांनी झाकलेल्या उतारांमध्ये, लोरेलाय नावाचा सुमारे १३२ मीटर उंचीचा कडा आहे. त्यावर बसून नावाड्यांस भुलविणाऱ्या सुंदरीची कथा प्रवाशांस प्राचीन लोककथा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीने इ. स. १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कवितेतून निघाली. त्या कवितेत ती बाखाराख या द्राक्षासवाच्या पेठेत राहणारी स्त्री होती. हाइनेच्या कवितेने तिला कड्यावर कायमचे बसविले, आणि पन्नास वर्षांच्या आत कवीची कल्पना खोऱ्याची परंपरा होऊन बसली. मुकुंदराजांची समाधी कविकल्पित आहे असे येथे सुचवावयाचे नाही. दोन्ही गोष्टींची जात भिन्न आहे. परंतु कड्यावर उभे राहिलेल्या मनुष्याची चिकित्सा थोडी सैल पडते, एवढे त्यावरून दिसते.

अंबाजोगाईचे वैशिष्ट्य असे की, येथे कथेच्या शेजारीच दगडावर कोरलेला निश्चित पुरावा उभा आहे आणि त्याकडे प्रवासी सहसा फिरकत नाही. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर हा मुद्गल गोत्री ब्राह्मण. सिंघणाच्या गुजरात व माळव्यावरील मोहिमांत त्याने पराक्रम गाजविला. सकलेश्वराचा लेख शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८, मधील आहे. दुसरा लेख शके ११६२, म्हणजे इ. स. १२४०, चा. त्यातील वृत्तांत केवळ राजकीय नाही. खोलेश्वराचा पुत्र राम हा पित्यामागून सैन्य घेऊन नर्मदेपर्यंत गेला, गुर्जर सैन्याशी लढला आणि तेथेच पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ नारायणाचे मंदिर उभारले. प्रशस्तीची भाषा नेहमीप्रमाणे अलंकारांनी भरलेली असते. शत्रूंच्या गर्वाचा चुराडा, कीर्तीचा चंद्रप्रकाश इत्यादी वर्णने अशा लेखांत अपेक्षितच. तथापि नर्मदेच्या काठी पडलेला भाऊ आणि त्याच्यासाठी बालाघाटावर दगड रचणारी बहीण, ही वस्तुस्थिती अलंकारातूनही झाकली जात नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना सिंघणाच्या मोहिमांसाठी अंब्याच्या लेखाचा आधार घेतला, यावरून त्याचे मोल कळते. गुजरातच्या बाजूच्या ग्रंथांत या युद्धांचे वर्णन विजयाचे आहे; रामाच्या मृत्यूची कबुली देणारा हा लेख दोन्ही पक्ष ताडून पाहण्यास उपयोगी पडतो.

यादवांनंतरच्या काळात गावाचे नाव पुन्हा वाङ्मयाशी जोडले गेले ते दासोपंतांमुळे, आणि येथे मात्र संशयास फारशी जागा नाही. शके १४७३ मध्ये नारायणपेठेस जन्मलेले दासोपंत अंबाजोगाईस स्थायिक झाले व शके १५३७ मध्ये येथेच समाधिस्थ झाले. गावातील थोरले व धाकटे देवघर त्यांच्या परंपरेची. ‘गीतार्णव’ या त्यांच्या गीताटीकेचा विस्तार सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे परंपरा सांगते. रोज ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, ही आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. आख्यायिका बाजूस ठेवली तरी त्यांची पासोडी डोळ्यांनी पाहता येते. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय अक्षरे व आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. वेदान्त समजावून सांगण्यासाठी ग्रंथाचे पान अपुरे वाटून कापड पसरणारा दुसरा मराठी ग्रंथकार सांगणे कठीण आहे.

निजामी अमलात गावास मोमिनाबाद हे नाव मिळाले आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथे होती; इ. स. १९०३ मध्ये ते दल हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर जुने नाव पुन्हा रूढ झाले.

हा सर्व परिसर एका दिवसात पाहावयाचा असेल, तर क्रम बदलणे इष्ट होय. प्रथम खोलेश्वर व सकलेश्वर पाहावेत. लेख वाचता येत नसले तरी त्यांची जागा व अक्षरांची घडण पाहून घ्यावी. मग जयंतीच्या काठाने हत्तीखान्यात जावे. सकाळचे तिरके ऊन हत्तींवर पडते तेव्हा छिन्नीच्या खुणा स्पष्ट दिसतात. योगेश्वरी व देवघरे मध्यान्हापूर्वी होतात. मुकुंदराजांच्या दरीसाठी तिसरा प्रहर राखून ठेवावा.