हजेरी गेली, पडताळणी आली

पहाटे शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. मैदानी निघते, लेखी निघते आणि मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात येतो. कधीतरी दारू पिऊन गाडी चालवलेली असते, मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली केस झालेली असते, कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरलेला असतो. पोराला वाटतं, पावती फाटली, विषय संपला. पण कायद्याच्या लेखी ती शिक्षाच असते. "आता फॉर्मवर काय लिहू?" असं विचारणाऱ्या पोरांना आम्ही आधी इतिहास सांगतो.

गावाच्या वेशीची राखण वेसकर महाराकडे होती. सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा महारानं, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची महारानं. आणि त्याच महारानं मांग, रामोशी, बेरडांसारखं संशयित म्हणून हजेरीही द्यायची! 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तर इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. माणसानं काय केलं हे कुणी विचारलं नाही, तो कुणाच्या पोटी जन्मला एवढंच पाहिलं.

याला उत्तर कोल्हापूरनं दिलं. छत्रपती शाहू महाराजांनी 1918 साली संस्थानातली ही हजेरी बंद केली. ज्या फासेपारध्यांना सगळे चोर म्हणत, त्यांना महाराजांनी आसरा दिला आणि पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांच्यापासून राखायचं म्हणत, त्यांच्याच हाती राखण दिली. बाकी देशात तो काळा कायदा रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला.

म्हणून आजची पडताळणी म्हणजे जुनी हजेरीच, असं आम्ही म्हणणार नाही. हजेरी जन्मावर होती, पडताळणी कृत्यावर आहे. दारू पिऊन गाडी चालवणं हे कृत्य आहे, त्यात कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच खोटं न बोलण्याचीही आहे. एक मोडली म्हणून फॉर्मवर दुसरी मोडू नका.

कायदाही हेच सांगतो. अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2016 साली म्हटलं की विचारलेली माहिती खरीच दिली पाहिजे. किरकोळ गुन्हा लपवला गेला असेल तर तो नजरेआड करण्याची मुभा नेमणूक करणाऱ्याला आहे. पण हा उमेदवाराचा हक्क नव्हे. खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य तपासून निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतोच.

म्हणजे खरं बोलणं ही नोकरीची हमी नाही. आमची लढाई इथंच आहे. गुन्हा कोणता, तेव्हा वय काय, मधे किती वर्षं गेली, पद कोणतं, हे पाहून कारणांसह लेखी निर्णय द्या. एकाच गुन्ह्याला वाड्यातल्या पोराची चूक आणि वस्तीतल्या पोराची वृत्ती म्हणू नका.

पोरांनो, कोर्टाच्या निकालाची नक्कल आजच काढून ठेवा. फॉर्मवर खरं लिहा. त्यानंतर अन्याय झाला, तर आम्ही तुमच्यासोबत उभे आहोत.

जय भीम! जय शाहू!