गार इंजिनाला घाई चालत नाही



ज्यांच्या घरी एके काळी बजाजची टू-स्ट्रोक स्कूटर होती, त्यांना हिवाळ्यातली सकाळ आठवत असेल. चोक ओढायचा, स्कूटर एका बाजूला कलती करायची, दोन-चार किका मारायच्या. निळसर धूर सोडत इंजिन सुरू झालं की घरातून कुणीतरी ओरडायचं, "लगेच रेस देऊ नकोस, तापू दे जरा!"

'तापू दे जरा' म्हणजे नेमकं काय, आणि ते ऐकलं नाही तर काय होतं, हा आपला आजचा विषय. फक्त आज आपण स्कूटरवर नाही, हलक्या विमानात बसणार आहोत. त्याच जातीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं छोटं विमान, ज्याला आपण अल्ट्रालाइट किंवा मायक्रोलाइट म्हणतो. स्कूटर सीझ झाली तर ढकलत गॅरेजपर्यंत नेता येते. उड्डाणानंतर जेमतेम पन्नास-साठ मीटर उंचीवर इंजिन सीझ झालं, तर वैमानिकाच्या हातात मोजके सेकंद असतात.

गंमत अशी, की ज्या इंजिनांवर ही विमानं उडू लागली, ती इंजिनं बर्फासाठी बनलेली होती. मग थंडीचा त्रास त्यांना का व्हावा? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

सुरुवात थोडी मागून करू. १९२०-३०च्या दशकांत कॅनडा आणि अलास्काच्या रानात टपाल, औषधं आणि माणसं नेणारे वैमानिक होते. त्यांची इंजिनं फोर-स्ट्रोक, पोटात बरंच तेल बाळगणारी. कडाक्याच्या थंडीत हे तेल इतकं घट्ट व्हायचं की इंजिन फिरवणंच अशक्य. म्हणून संध्याकाळी विमान उतरलं की वैमानिक आधी इंजिनातलं तेल डब्यात काढून घ्यायचा आणि डबा घरात शेगडीजवळ ठेवायचा. सकाळी इंजिनावर जाड कापडाचा तंबू टाकायचा, त्याच्याखाली पेटता स्टोव्ह ठेवायचा आणि आग लागू नये म्हणून शेजारी पहारा करत बसायचं. धातू चांगला तापला की गरम केलेलं तेल परत ओतायचं आणि मग इंजिन सुरू करायचं. मोठं कटकटीचं काम. पण या कटकटीचा एक फायदा होता, जो तेव्हा कुणी मुद्दाम मोजला नसेल: इंजिन सुरू होण्याआधीच आतपर्यंत तापलेलं असायचं.

टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी. इंग्लंडमधल्या बाथ शहरात जोसेफ डे यांनी १८९०च्या आसपास जे साधं टू-स्ट्रोक इंजिन घडवलं, त्यात पिस्टनच्या खालची जागा, म्हणजे क्रँककेस, पंपासारखी वापरली होती. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खाली येतं, तिथून वर सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे खाली तेलाचा साठा ठेवण्याची सोयच उरत नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. विमानातल्या इंजिनांसाठी पन्नासाला एक हे प्रमाण रूढ झालं, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. पेट्रोलपंपावर स्कूटरच्या टाकीत टू-टी ऑइल टाकून घेतलेल्या पिढीला हे सांगायला नकोच.

आता पाहा, घट्ट होऊन बसायला तेलाचा साठाच नाही. इंजिन हलकं, सुटे भाग कमी. दोरी ओढली की कडक थंडीतही सुरू. बर्फावरच्या गाडीला याहून सोयीचं काय असणार?

बर्फावरच्या गाडीचा इतिहास मात्र एका घरातल्या दुःखातून पुढे गेला. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथला जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए हा पोरगा लहानपणापासून यंत्रवेडा. १९२२च्या वर्षअखेरीस, पंधराव्या वर्षी, त्याने जुन्या फोर्ड गाडीचं इंजिन लाकडी घसरगाडीवर बसवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि गावातून ती पळवली. उघडा फिरणारा पंखा पाहून वडिलांनी ती मोडायला लावली. पुढे त्याने गॅरेज काढलं, लग्न झालं, मुलं झाली. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों अपेंडिक्सच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते. बर्फावर चालणारी धड गाडी तयार नव्हती. मूल दवाखान्यापर्यंत पोहोचू शकलं नाही आणि गेलं.

त्यानंतर काही वर्षांतच बॉम्बार्डिए यांनी पट्ट्यावर चालणारी सात माणसांची बर्फगाडी बाजारात आणली. १९५९ मध्ये त्यांची छोटी, एक-दोन माणसांची 'स्की-डू' आली. १९६०च्या दशकात या गाड्यांमध्ये ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीची टू-स्ट्रोक इंजिनं बसू लागली आणि १९७० मध्ये बॉम्बार्डिएच्या कंपनीने रोटॅक्सच विकत घेतली. जोसेफ-आर्मांड स्वतः हे पाहायला नव्हते. १९६४ मध्येच ते वारले होते.

१९७०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बर्फगाड्यांची लाट आली आणि ओसरलीही. बाजारात बर्फगाड्यांची इंजिनं भरपूर होती. नेमक्या त्याच वेळी हँग-ग्लायडरवाल्या तरुणांना डोंगरावरून उडी मारण्याऐवजी सपाट मैदानातून उडायचं होतं. १९७६ मध्ये जॉन मूडी यांनी ऑशकॉशच्या प्रसिद्ध विमान-मेळाव्यात इंजिन लावलेलं ग्लायडर पाठीवर घेऊन, स्वतःच्या पायांनी धावत उड्डाण करून दाखवलं आणि लोक या खेळाच्या मागे लागले. कार्टिंगची, बर्फगाड्यांची, जी हलकी इंजिनं हाताशी होती ती पंखांना जोडली गेली. कायुना, कावासाकी आणि मग रोटॅक्स. रोटॅक्सची ४४७, ५०३ आणि पुढे पाण्याने थंड होणारं ५८२ ही इंजिनं जगभरच्या हलक्या विमानांत दिसू लागली. भारतातही हा छंद पोहोचला. १९८८ मध्ये उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी मायक्रोलाइटमधून इंग्लंड ते भारत हा प्रवास एकट्याने २३ दिवसांत केला.

इथे एक गोष्ट बदलली. बर्फगाडीचं इंजिन बंद पडलं तर माणूस चालत घरी येतो. आकाशात ती सोय नाही. रोटॅक्सच्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेतच ठळक इशारा असतो, की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, म्हणून बंद पडल्यावर जिथे सुखरूप उतरता येणार नाही अशा ठिकाणी ते उडवू नका. कंपनीनेच असं लिहावं, यातच सगळं आलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. थंडीत नेमकं काय होतं?

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. तो ज्यात वर-खाली होतो ती स्लीव्ह साधारणपणे ओतीव लोखंडाची. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५०३ इंजिनाचा पिस्टन ७२ मिलिमीटर व्यासाचा आहे. तो शंभर अंशांनी तापला तर व्यास साधारण ०.१५ मिलिमीटरने वाढतो. तेवढंच तापलेलं लोखंड ०.०८च्या आसपास वाढतं. आणि दोघांमधली मोकळी जागा असते मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या घरातली. कारखान्यात हे सगळं जमेस धरलेलं असतं. गार पिस्टन तर पूर्ण गोलही नसतो. तापल्यावर योग्य आकाराला येईल अशा बेताने तो किंचित लांबट घडवतात.

पण हा हिशेब एका अटीवर चालतो: दोघंही बरोबरीने तापले पाहिजेत. गार इंजिन सुरू करून लगेच पूर्ण थ्रॉटल दिला, तर पिस्टनचा माथा ज्वाळेखाली काही सेकंदांत तापतो. बाहेरचा सिलिंडर मात्र गार हवेत उभा असतो आणि त्याला तापायला काही मिनिटं लागतात. पिस्टन फुगला, घर तेवढंच राहिलं. मग तो भिंतीला घासतो, तेलाचा पातळ थर फाटतो आणि पिस्टन पकडतो. उघडून पाहिलं तर पिस्टनवर चार ठिकाणी उभे ओरखडे दिसतात, कारण पिन बसते तिथे धातू जाड असतो आणि त्याच्या आसपास पिस्टन जास्त फुगतो. जाणता मेकॅनिक हे चार ओरखडे पाहून ओळखतो, की तेल कमी पडलं नव्हतं, घाई झाली होती.

आता अलास्कातल्या त्या वैमानिकाची आठवण करा. त्याला घाई करणं शक्यच नव्हतं. घट्ट तेलाने त्याला थांबवून ठेवलं होतं. टू-स्ट्रोक मात्र एका दोरीत सुरू होतं. थंडीत पटकन सुरू होणं हा त्याचा गुण, आणि त्या गुणामुळेच माणूस फसतो. इंजिन सुरू झालं, छान आवाज देतंय, म्हणजे तयार आहे असं वाटतं. ते तयार नसतं.

म्हणून नियम आले. सुरू केल्यावर साधारण दोन मिनिटं २००० फेऱ्यांवर, मग २५०० फेऱ्यांवर, तापमान वर येईपर्यंत थांबायचं. ५८२ सारख्या पाण्याच्या इंजिनात पाणी किमान ६० अंशांपर्यंत आल्याशिवाय उड्डाण नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडरच्या डोक्याचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष. बाहेर जितकी थंडी जास्त, तितका वेळ जास्त.

चोकचंही एक वैशिष्ट्य आहे. या इंजिनांवरच्या बिंग कार्ब्युरेटरमधली चोकची वाट थ्रॉटल पूर्ण बंद असतानाच नीट काम करते. नवखा माणूस चोक ओढतो, वर थोडा थ्रॉटलही देतो आणि इंजिन सुरू का होत नाही म्हणून दमेपर्यंत दोरी ओढत राहतो.

पाण्याच्या इंजिनात आणखी एक सापळा आहे आणि तो उतरताना लागतो. वैमानिक उंचीवरून थ्रॉटल बंद करून बराच वेळ खाली येतो. इंजिन निवतं, थर्मोस्टॅट बंद होतो आणि रेडिएटरमधलं पाणी बाहेरच्या हवेइतकं गार पडतं. धावपट्टीवर अचानक गाय आली, म्हणून त्याने पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा वर जायचं ठरवलं. पिस्टन झटक्यात तापला, इंजिनातलं पाणी तापलं, थर्मोस्टॅट उघडला आणि रेडिएटरमधलं गार पाणी एकदम सिलिंडरभोवती आलं. आत पिस्टन फुगतोय, बाहेर सिलिंडर आकसतोय. यावर उपाय साधे आहेत. उतरताना थोडी शक्ती चालू ठेवायची, म्हणजे इंजिन निवत नाही आणि पेट्रोलबरोबर तेलही मिळत राहतं. हिवाळ्यात रेडिएटरचा काही भाग झाकायचा. आणि थर्मोस्टॅट उघडल्याची खूण तापमानाच्या काट्यावर जमिनीवरच पाहून मग निघायचं.

थंडीचा आणखी एक हल्ला दिसत नाही. गार हवा दाट असते. ३५ अंशांच्या दुपारी ज्या जेटवर इंजिन नीट चालत होतं, तेच ५ अंशांच्या पहाटे घेतलं तर हवा सुमारे ११ टक्क्यांनी जास्त दाट असते. कार्ब्युरेटर पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढवत नाही. मिश्रण पातळ होतं, ज्वाळा जास्त तापते, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. बाहेर गारठा आणि आत पिस्टन भाजतोय, असा उलटा प्रकार. म्हणून हिवाळ्यात मोठा जेट बसवतात आणि धुराड्यातल्या वायूचं तापमान दाखवणारा काटा पाहत राहतात.

शिवाय कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याची भीती कडक कोरड्या थंडीत कमीच असते. शून्याच्या थोडं वर, दमट, धुकट हवेत ती जास्त. म्हणजे आपल्याकडच्या हिवाळी पहाटेने निर्धास्त व्हायचं कारण नाही.

आज बरीच हलकी विमानं १९८९ मध्ये आलेल्या रोटॅक्स ९१२ सारख्या फोर-स्ट्रोककडे वळली आहेत. पण टू-स्ट्रोक संपलेलं नाही. पाठीवर इंजिन बांधून उडणारे पॅरामोटर बहुतेक त्याच्यावरच चालतात आणि हौशी पर्यटकांना बसवून फिरवणारेही आहेत. तुमच्यापैकी कुणी डिसेंबरात अशा फेरीच्या रांगेत उभं असेल आणि पायलट इंजिन सुरू करून नुसताच उभा दिसला, तर "उशीर का करताय?" असं विचारू नका. तो सिलिंडरला पिस्टनच्या बरोबर येऊ देतोय. आणि सुरू केल्या-केल्या पूर्ण रेस देऊन कुणी निघत असेल, तर पैसे परत मागा आणि जमिनीवरच राहा.

पुढच्या भागात भेटू.