रद्दीचा भाव की इतिहासाचे मोल?

जुन्या वस्तूची किंमत बाजार ठरवतो, असे आपल्याला सांगितले जाते. आम्हाला ते मान्य नाही. बाजाराच्या आधी नोंद येते.

पिपरहवाच्या स्तूपातून 1898 साली इंग्रज जमीनदार पेपे याने बुद्धांच्या अस्थी आणि सोबत पुरलेली रत्ने बाहेर काढली. त्यातली काही रत्ने मे 2025 मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली. भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती मायदेशी परतली. हेच खडे नुसते हातात आले असते, तर सराफाने तोलून भाव सांगितला असता. ते कुठे आणि कशासोबत सापडले याची नोंद होती, म्हणून ते अमोल ठरले.

आता धुळ्याकडे पाहा. वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून दप्तरे गोळा केली. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि 1927 मध्ये तिथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. वाळवीच्या तोंडचे कागद इतिहासाची साधने ठरले. काम मोठेच होते. पण ज्यांना अक्षरच नाकारले होते, त्यांच्या घरी दप्तर कुठून असणार?

आपल्या वस्त्यांत कागद आला तो चळवळीसोबत. बाबासाहेब 31 जुलै 1937 रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. दरवर्षी त्या दिवशी तिथे अनुयायी जमतात. पण त्या काळातली पत्रे, 'जनता'चे अंक, सभांची पत्रके, समता सैनिक दलाचे बिल्ले जळगाव-धुळ्यातल्या कोणाकोणाच्या घरी आहेत, याची यादी आपल्यापैकी किती जणांकडे आहे? जुने घर पाडताना पत्र्याची पेटी भंगारात जाते आणि आतले कागद किलोवर.

1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू शंभर वर्षांची लागते. ऐतिहासिक मोलाच्या दस्तऐवजाला मात्र 75 वर्षे पुरतात. म्हणजे 1937 चे पत्र आज त्या व्याख्येत बसू शकते. रद्दीवाल्याला हे ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक हवे.

म्हणून मित्रांनो, येत्या 31 जुलैला लळिंगला जाण्याआधी आपल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांकडे जा. पेटी उघडायला सांगा. प्रत्येक कागदाचा फोटो घ्या. तो कोणाचा, कोणत्या साली आणि कसा घरात आला, ते लिहून ठेवा. फोटोतल्या माणसांची नावे आजच विचारा, उद्या सांगणारे नसतील. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्या.

आपल्या वारशाचे मोल आपणच नोंदवले नाही, तर दुसरा कोणी त्याचा भाव करील.

जय भीम!