भवरलालजींचा कौल

अजिंठ्याच्या परिसरातील वाकोद (ता. जामनेर, जि. जळगाव) या लहानशा खेड्यात १२ डिसेंबर १९३७ रोजी भवरलालजी जैन यांचा जन्म झाला. पूर्वज राजस्थानातून आलेले, घरी शेती. वाणिज्य व कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या संपादन केल्यावर राज्य सेवेतील अधिकारपद त्यांच्याकडे चालून आले होते. त्या काळी असे पद नाकारणे हा वेडेपणाच समजला जाई. तरीही १९६३ मध्ये घरातील पिढ्यांची शिल्लक असलेले ७ हजार रुपये घेऊन त्यांनी जळगावात रॉकेलविक्री आरंभिली. आपल्या समाजातील कित्येक पेढ्यांचा आरंभ याहून निराळा नाही.

पुढे खते, बियाणे, ट्रॅक्टर, पाइप अशा एजन्सी आल्या. पंधरा वर्षे शेतकऱ्यांशी रोजचा व्यवहार झाला, आणि हीच त्यांची खरी पुंजी ठरली. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक आजारी कारखाना त्यांनी ३० लाख रुपयांना घेतला. मात्र भुकटीचाच हट्ट न धरता पपईच्या चिकापासून पपेन तयार करून ते निर्यात केले. व्यापारी येथे प्रथमच कारखानदार झाला. १९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू झाले.

त्यानंतरचा निर्णय अधिक धाडसाचा होता. ठिबक सिंचनाची कल्पना भारतात तोवर अपरिचित नव्हती, परंतु ती रुजत नव्हती. नळ्या व तोट्या विकून विक्रेता मोकळा होई. शेतात छिद्रे बुजत आणि शेतकरी सारे गुंडाळून ठेवी. दोष तंत्राचा नसून विक्रीच्या रीतीचा आहे, हे भवरलालजींनी ओळखले. जमिनीची पाहणी, आराखडा, जोडणी, खताची मात्रा आणि पिकाचा सल्ला असे सर्व काही एकत्र देण्याचे त्यांनी ठरविले. माल विकल्यानंतरचे हे कष्ट हिशेबाच्या वहीत तोट्याच्याच रकान्यात दिसले असते. पण शेतकऱ्याची अडचण त्यांनी जवळून पाहिली होती. आज परभणी जिल्ह्यातही कापसाला नि मोसंबीला थेंबाथेंबाने पाणी देणारे शेतकरी आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

याच गृहस्थांचा कौल नव्वदच्या दशकात चुकला. उदारीकरणाच्या लाटेत वित्तव्यवसाय, संगणक, ग्रॅनाइट अशा, गादीवर कधी न शिकलेल्या, क्षेत्रांत कंपनी उतरली आणि कर्जात रुतली. येथे त्यांचे मोठेपण दिसते. चूक आपली आहे हे त्यांनी भागधारकांपुढे उघडपणे मान्य केले, ते व्यवसाय आवरले आणि पुन्हा पाणी व शेतीकडे लक्ष वळविले. नुकसान इतरांच्या माथी मारणे व्यापारात अवघड नसते.

सावरलेल्या कंपनीने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या सिंचन कंपनीत निम्मी भागीदारी घेतली व २०१२ मध्ये ती पूर्णपणे आपलीशी केली. ज्या देशाकडून जगाने ठिबक शिकले, तेथे जळगावची मालकी पोहोचली. २००८ मध्ये भवरलालजींना पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

कर्जाचा भार मात्र पुन्हा वाढला. २०१९ मध्ये कंपनीची परतफेड थकली, २०२२ मध्ये सावकार बँकांशी नवी बांधणी झाली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय इस्रायलच्याच रिव्हुलिस कंपनीत विलीन करण्यात आला. जळगावचे कारखाने चालूच राहिले.